भत्ता भाकरीचा की रात्रीचा?

कार्तिक संपत आला होता. हिर्डोशी खोऱ्यातली भातं कापून, झोडून घरात आली होती आणि खाचरांत नुसते सड उरले होते. या दिवसांत नीरा-देवघरच्या पाण्यावरून संध्याकाळी जो गारठा वर चढतो तो थेट हाडात शिरतो. अंधार पडल्यावर भोरकडून मुक्कामी एसटी आली. शेवटची चार माणसं, दोन पिशव्या आणि एक पत्र्याची पेटी उतरली. पहाटे अंधारात खटपट नको म्हणून ड्रायव्हरनं गाडी तेव्हाच वळवून तोंड भोरकडे करून लावली. कंडक्टर आमच्या ओसरीवर येऊन चिल्लर मोजायला बसले. खेड्यात कंडक्टरला अजून मास्तरच म्हणतात. त्यांनी डबा उघडला तर त्यात फडक्यात बांधलेल्या चार भाकऱ्या आणि ठेचा. मी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या आक्कांनी न विचारता गरम आमटीचं पातेलं समोर ठेवलं. हा रोजचाच शिरस्ता असावा, कारण कुणी कुणाला आग्रह केला नाही.

लोकांची आयकराची विवरणपत्रं भरून देण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, त्यामुळे तोंडात नको तो प्रश्न येतोच. म्हटलं, "मास्तर, मुक्कामाचा भत्ता मिळतो ना?"

"मिळतो की."

"पुरतो का?"

"पुरतो कसला, उरतो. भाकरी घरची, आमटी आक्कांची. भत्ता हाय तसा घरी जातो."

ड्रायव्हर भाकरी मोडता मोडता म्हणाला, "भत्ता घरी जातो आन् आम्ही इथं राहतो."

ते विनोदानं बोलले आणि आम्ही हसलोही. पण गाडीच्या मागच्या लांब सीटवर चादर अंथरून ते दोघं झोपायला गेल्यावर ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कर कायद्याच्या दृष्टीनं बघितलं तर मास्तरांनी स्वतःच्या विरुद्ध साक्ष दिली होती. खर्चासाठी दिलेली रक्कम खर्च झाली नाही, शिल्लक पडली. म्हणजे ते उत्पन्न, आणि उत्पन्नावर कर. हे तर्कशास्त्र बिनचूक आहे. माझं म्हणणं असं की ते बिनचूक असूनही चूक आहे, कारण भत्ता कशाचा दिला जातो हेच त्याला कळलेलं नाही.

आधी कायदा काय म्हणत आला ते पाहू. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम १०(१४) आणि १९६२ च्या नियमावलीतला नियम २बीबी या जोडगोळीनं भत्त्यांचे दोन खण केले. पहिल्या खणात दौऱ्यावर जाणारा नोकरदार. नेहमीच्या कामाच्या जागेपासून दूर असल्यामुळे त्याला जो रोजचा खर्च येतो त्यासाठीचा भत्ता करमुक्त, पण प्रत्यक्ष खर्च होईल तेवढाच. दुसऱ्या खणात वाहनावरच नोकरी असलेला माणूस: एसटीचा चालक, रेल्वेचा लोको पायलट, विमानातले वैमानिक आणि केबिन क्रू. त्यांना रोजभत्ता मिळत नसेल तर वाहन चालू असतानाच्या खर्चासाठीच्या भत्त्याचा ७० टक्के भाग करमुक्त, मात्र महिन्याला १०,००० रुपयांच्या आत. ही मर्यादा आधी ६,००० होती. सप्टेंबर २००८ मध्ये ती १०,००० झाली आणि पुढे दीड दशकाहून जास्त काळ तिथंच बसून राहिली.

हे ७० टक्के आले कुठून? उरलेल्या ३० टक्क्यांमागचा विचार मला असा दिसतो: हा माणूस घरी असता तरी जेवलाच असता, तेवढा खर्च त्याचा वाचला. म्हणजे कायद्यानं इथं पावत्या मागितल्या नाहीत, अंदाजानं काम भागवलं. हा मला शहाणपणा वाटतो. गोची मर्यादेत होती. महिन्याला ८,००० भत्ता असेल तर ५,६०० सुटत, ठीक. पण ४०,००० असेल तर २८,००० नव्हे, १०,००० च सुटत. म्हणजे ज्याच्या जास्त रात्री बाहेर जातात त्याच्याबाबत ७० टक्क्यांचा तो अंदाज निकामी व्हायचा.

मग २०२० साली नवी करपद्धती आली. दर कमी, सवलती बाद. त्या वर्षी जूनमध्ये निघालेल्या अधिसूचनेनं काही मोजके भत्ते नव्या पद्धतीतही मोकळे ठेवले, त्यात दौऱ्यावरचा रोजभत्ता आहे. वाहनावरच्या कर्मचाऱ्याची ७० टक्क्यांची सवलत त्या यादीत नाही. २०२३-२४ पासून हीच पद्धती आपोआप लागू होणारी ठरली. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. मुंबईतला कंपनी अधिकारी वर्षातून चार वेळा दिल्लीला जाऊन हॉटेलात राहतो, त्याचं जेवण 'घरापासून दूर असल्याचा खर्च' ठरतं. त्याला दिल्लीला घेऊन जाणारी हवाईसुंदरी महिन्यातून पंधरा रात्री वेगवेगळ्या शहरांत काढते, पण तिचा भत्ता जर या दुसऱ्या खणातला असेल तर तो सरळ पगारात धरला जातो. जो कधीतरी घर सोडतो त्याला सूट, ज्याचं कामच घर सोडणं आहे त्याला नाही. पगारपत्रकावर त्या रकमेला कोणतं नाव दिलंय यावर पुष्कळ अवलंबून राहतं. आणि नावावर कर अवलंबून राहिला की नाव ठेवायला सल्लागार नेमले जातात. आमचा धंदा त्यावरच चालतो, म्हणून तक्रार करायला तोंड नाही.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला करच लागत नाही. नोकरदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून ही रेघ पावणेतेरा लाखांवर जाते. त्यामुळे आमच्या मास्तरांना या सगळ्याशी आज कर्तव्य नाही. प्रश्न पैशांचा आहे तो वैमानिकांचा, वरिष्ठ केबिन क्रूचा, लोको पायलटांतल्या जुन्या मंडळींचा. पण तत्त्वाचा प्रश्न ओसरीवर बसलेल्या त्या दोघांत जितका स्वच्छ दिसतो तितका पंचतारांकित हॉटेलातल्या वैमानिकात दिसत नाही. वैमानिक म्हटलं की वाचकाची सहानुभूती आटते. मुक्कामी एसटीतला माणूस आपला वाटतो.

माझा एक भाचा अमेरिकेत वैमानिक आहे. त्याची कंपनी सैन्याला विमानं भाड्यानं देते. कुठल्यातरी तळावरून जवान घ्यायचे, वाटेत युरोपात कुठंतरी इंधन, तिथून आखातात. परत येताना दुसरे जवान. कधी सलग बारा दिवस, कधी सतरा. त्याला भत्ता तासावर मिळतो: ड्यूटीला हजर झाल्या क्षणी घड्याळ सुरू, घरच्या तळावर परतल्यावर बंद. झोपला तरी घड्याळ चालूच. तिथं पूर्वी अशी सोय होती की सरकारनं त्या त्या शहरासाठी ठरवलेला रोजचा दर आणि कंपनीनं दिलेला भत्ता यांतली तफावत काही अटींवर उत्पन्नातून वजा करता यायची. वाहतूक कर्मचाऱ्यांना जेवणाच्या खर्चाचा ८० टक्के भाग धरता यायचा, इतरांना ५० टक्के. कुवेतची रात्र वेगळ्या दरानं, जर्मनीतली वेगळ्या. भाचा दर वर्षी मार्चमध्ये वही घेऊन बसायचा. २०१७ च्या कर कायद्यानं नोकरदारांच्या अशा वजावटी २०१८ पासून थांबवल्या आणि २०२५ साली ती बंदी कायमची झाली. तिथंही बदल्यात मोठी प्रमाणित वजावट पुढं केली गेली. म्हणजे दोन्ही देशांनी एकाच दशकात एकच गोष्ट केली: सगळ्यांना सारखी रक्कम द्या आणि कोण कुठं झोपतो ते विचारू नका.

अमेरिकेच्या न्यायालयांनी मात्र ते आधी फार बारकाईनं विचारलं होतं. १९४६ साली फ्लॉवर्स नावाच्या वकिलाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. राहायला मिसिसिपीतल्या जॅक्सनला, नोकरी अलाबामातल्या मोबाइल शहरात, एका रेल्वे कंपनीत. जाण्यायेण्याचा आणि तिथल्या राहण्याजेवणाचा खर्च त्याला वजा करून हवा होता. न्यायालय म्हणालं, नाही. तू तिथं राहतोस ही तुझी सोय, कंपनीची गरज नव्हे. मग १९६७ साली कॉरेल नावाचा फिरता विक्रेता आला. पहाटे घर सोडायचा, न्याहारी आणि दुपारचं जेवण रस्त्यावर, रात्री जेवायला घरी. त्यालाही नकार मिळाला. प्रवासात झोप किंवा विश्रांती घ्यावी लागली तरच जेवण वजा होईल, हा कर खात्याचा नियम न्यायालयानं उचलून धरला.

हा दुसरा निकाल वाचला तेव्हा मला हसू आलं. एवढा खल करून अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय ज्या जागी पोचलं तिथं आपली एसटी आधीपासून उभी आहे. तिच्याकडं साधी फेरी आणि मुक्कामी फेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि भत्त्याचं नावच 'रात्रवस्ती' आहे. जेवणाचा त्यात उल्लेखसुद्धा नाही.

फ्लॉवर्सच्या निकालाबद्दल मात्र या खोऱ्यात बसून वेगळंच वाटतं. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातली कितीतरी माणसं तीन-चार पिढ्या मुंबईत राबली: गिरण्यांत, गोदीत, माथाडीत. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारी आठ-दहा माणसं, जेवण खानावळवाल्या बाईकडं. या खानावळवाल्या बायांना प्रेमा पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, तेव्हा कुठं बाहेरच्या जगाला त्या दिसल्या. त्या गड्याला विचारा, घर कुठं? तो हिर्डोशी म्हणेल, निगुडघर म्हणेल. लालबाग म्हणणार नाही. फ्लॉवर्सच्या न्यायानं त्याचं घर लालबागच आणि खानावळीचं बिल त्याचा खासगी खर्च. कायद्याचं 'घर' आणि माणसाचं घर यांत किती अंतर पडू शकतं ते इथं दिसतं. असं असूनही मी न्यायालयाच्या बाजूचा आहे. कायमचं दूर राहणं हा स्थलांतराचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मजुरीत आणि घरांत शोधायला हवं, भत्त्यात ते सापडणार नाही. भत्ता त्याच्यासाठी, जो आज इथं, उद्या तिथं, आणि परवा घरी.

भत्त्यावरून फौजा उठल्याचा इतिहास आपल्याकडं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत हा शब्द 'बट्टा' म्हणून येतो. त्याचं मूळ भातात आहे असं कोशकार मानतात, आणि या भातखोऱ्यात ते पटतंही. १७६६ साली क्लाइव्हनं बंगालमधला दुप्पट भत्ता बंद केला तर गोऱ्या अधिकाऱ्यांनीच संगनमतानं राजीनामे पुढं केले. पण माझ्या मुद्द्याला नेमका लागतो तो १८४३ चा प्रसंग. सिंध प्रांत कंपनीनं जिंकला. तोवर सिंधमध्ये जाणाऱ्या हिंदी शिपायाला परमुलखाचा जादा भत्ता मिळे. जिंकल्यावर कंपनीनं हिशेब केला: आता सिंध आपलाच, मग परमुलूख कसला? भत्ता बंद. पुढच्या वर्षी ३४ व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीनं कूच करायला नकार दिला आणि ती पलटणच मोडण्यात आली. १८४९ ला पंजाब खालसा झाल्यावर तेच. १८५० मध्ये गोविंदगडावर ६६ वी पलटण उठली, आणि या प्रकरणात भत्त्याचा नियम परस्पर स्थगित केला म्हणून डलहौसीनं ठपका ठेवल्यावर सरसेनापती नेपियरनं राजीनामा दिला.

शिपायाच्या बाजूनं बघा. काल सिंध परका होता, आज नकाशावर रंग बदलला. त्याच्या घरापासूनचं अंतर एका कोसानंही कमी झालं नाही, सिंधूचा उन्हाळा थंड झाला नाही, रात्र तेवढीच लांब राहिली. सरकारनं परकेपणा नकाशावर मोजला, त्यानं तो अंगावर मोजला. सैनिकांना नेणाऱ्या विमानातही हेच आहे. २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी लेफ्टनंट कर्नल रणजित राय यांची १ शीख पलटण श्रीनगरला उतरली तेव्हा तिच्यासाठी हवाई दलाच्या डाकोटांबरोबर खासगी कंपन्यांची डाकोटाही वापरली गेली. आदल्याच दिवशी विलीनीकरणाच्या करारावर सही झाली होती. कंपनीच्या कारकुनानं लिहिलं असतं, 'मुलूख आपलाच, भत्ता नाही'.

आजही अशा विमानात मागं बसलेला जवान आणि पुढं बसलेला वैमानिक यांच्यासाठी कायद्यानं वेगळे तक्ते केले. १९६२ च्या नियमावलीत, जुन्या पद्धतीत, जवानाच्या फील्ड एरिया भत्त्यातले महिन्याला २,६०० रुपये करमुक्त, ९,००० फुटांवर उंचीच्या भत्त्यातले १,०६०, आणि १५,००० फुटांच्या वर १,६००. तिथली रात्र म्हणजे काय हे ठाऊक असणारा कुणी हा तक्ता करायला बसला असेल असं वाटत नाही.

आकड्यांवरून आठवलं. केंद्र सरकारच्या दौऱ्याच्या नियमांत जुलै २०१७ पासून जेवणाचा दर वरच्या पातळीच्या अधिकाऱ्याला दिवसाला १,२०० रुपये, तळच्या कर्मचाऱ्याला ५०० असा ठरला. राहण्याची कमाल मर्यादा ७,५०० आणि ४५०. (महागाई भत्त्याबरोबर हे दर वाढतात, प्रमाण तेच राहतं.) दोघं एकाच गाडीनं एकाच गावी जातात. भूक हुद्द्यानुसार वाढते असं कुठल्या वैद्यकात आहे कोण जाणे. गैरहजेरी सहा तासांच्या आत असेल तर दराचे ३० टक्के, बारापर्यंत ७०, त्यापुढं पूर्ण. म्हणजे तास मोजायची कला सरकारला अवगत आहे, मात्र त्या तासाचा भाव माणूस बघून ठरतो. आणि खेड्यात येणारा साहेब पूर्वी भत्ता सरकारकडून घ्यायचा नि कोंबडी गावाची खायचा, ही तर घरोघर सांगितली जाणारी गोष्ट. तिची मुळं जुनी आहेत. मराठेशाहीत थकबाकीदाराच्या दारात मोहसल बसवत आणि त्याच्या खाण्याचा 'मसाला' बाकीदारानंच भरायचा. दुसऱ्याच्या खर्चानं खाणाऱ्याचा भत्ता हे खरं उत्पन्न. त्याच्यावर कर लावा, माझी हरकत नाही.

पण मास्तरांनीही आक्कांची आमटी खाल्ली, त्याचं काय? हा आक्षेप मीच माझ्यावर घेतो. फरक असा की आमटी जबरीची नव्हती, आणि ती फुकट मिळाली म्हणून रात्र फुकट झाली नाही. पोरगं तापानं फणफणलंय आणि बाप चाळीस किलोमीटरवर एसटीच्या सीटवर आडवा, ही ती रात्र. भाचा आखातातल्या तळावर पडदे ओढून भर दुपारी झोपायचा प्रयत्न करतो त्याच दिवशी त्याच्या मुलीच्या शाळेत गॅदरिंग असतं, तीही तीच रात्र. कंपनी जो भत्ता देते तो याची अर्धीमुर्धी भरपाई आहे. भरपाईत नफा नसतो. भाकरी घरून आणून कुणी भत्ता वाचवला तर त्यानं स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन तो वाचवलाय. 'प्रत्यक्ष खर्च होईल तेवढंच मोकळं' या अटीनं होतं असं, की हॉटेलात हात सैल सोडणाऱ्याला सूट मिळते आणि डबा आणणारा पकडला जातो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जेवण मोजणं सोडून द्या, रात्री मोजा. कामासाठी घराच्या तळाबाहेर काढलेल्या प्रत्येक रात्रीला एक ठरावीक रक्कम करमुक्त, सगळ्यांना सारखी: सचिवाला तीच, शिपायाला तीच, वैमानिकाला तीच. पावती नको, ७० टक्के नको, दोन खण नकोत. त्यावर जो भत्ता असेल तो खुशाल पगारात धरा.

यावर दोन गोष्टी ऐकवल्या जातात. एक, कंपन्या पगारच भत्त्याच्या नावानं देतील. विमान कंपन्यांत उड्डाणाच्या तासांवरचा मोबदला मोठा असतो आणि त्याला भत्ता म्हणण्याचा मोह होतो, हे खरं. पण रात्रींना मर्यादा आपोआप आहे. महिन्यात तीसच असतात, आणि कोण कुठं झोपला हे लपत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ड्यूटीच्या नियमांत प्रत्येक क्रूचा 'होम बेस' ठरलेला असतो आणि विश्रांतीचा हिशेब त्यावरून ठेवला जातो. रेल्वेत मुख्यालय ठरलेलं, एसटीत आगार. कर खात्याला नवीन काही शोधायचं नाही, आहे ती नोंद वाचायची आहे.

दुसरी गोष्ट जास्त वजनदार. नवी पद्धती सुटसुटीत आहे, तिला पुन्हा सवलतींची ठिगळं का लावायची? सुटसुटीतपणाचा मी चाहता आहे. विम्याच्या आणि भाड्याच्या पावत्या गोळा करून माझे डोळे गेले. पण ही सवलत नव्हेच. मालकानं नोकराला कामासाठी पुण्याचं तिकीट काढून दिलं तर तिकिटाला कुणी उत्पन्न म्हणत नाही. दौऱ्याचा रोजभत्ता नव्या पद्धतीत मोकळा ठेवून सरकारनं हे स्वतःच मान्य केलंय. ते फक्त चाकावर आणि पंखावर नोकरी करणाऱ्यांपर्यंत पोचवायचं राहिलं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमं ८१९ वरून ५३६ वर आली. एवढी झाडलोट केलीच आहे तर हा कोपराही झाडून घ्यावा.

पहाटे पाचला इंजिन सुरू झालं. आक्कांनी नव्या तांदळाची एक पुरचुंडी मास्तरांच्या हातात ठेवली, त्यांनी ती कॅशच्या पिशवीशेजारी सीटखाली सारली. कॉलेजची दोन पोरं आणि दुधाची किटली घेऊन एक म्हातारा चढला. मी खिडकीशी जाऊन सहज विचारलं, "या महिन्यात किती मुक्काम झाले?"

"अकरा," मास्तर म्हणाले. वही उघडावी लागली नाही, की बोटंही मोजावी लागली नाहीत.

ड्रायव्हर पुढून म्हणाला, "बारा. झाड पडून अडकलो होतो ती धरून."